मोनिनोचे उघडे दप्तर

मॉस्को शहराच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, भूर्ज आणि पाइन वृक्षांच्या राईत, मोनिनो नावाचा एक मुक्काम आहे. सोव्हिएत वायुदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना युद्धशास्त्र शिकविणारी प्रबोधिनी जेथे होती आणि जेथील जुन्या विमानतळाची गरज पुढे संपुष्टात आली, त्याच मैदानावर १९५८ सालच्या नोव्हेंबरात एका विमानसंग्रहालयाची स्थापना झाली व १९६० सालच्या फेब्रुवारीत ते पाहुण्यांसाठी उघडण्यात आले. आज तेथे पावणेदोनशेंच्या घरात विमाने व हेलिकॉप्टरे आहेत. त्यांतील काही मोजकी छपराखाली असून बाकी सारी आकाशाखाली, हिवाळ्यात गुडघाभर बर्फात आणि उन्हाळ्यात कमरेएवढ्या गवतात, रांगेने उभी असतात. ध्वनीहून दुप्पट वेगाने प्रवासी नेणारे तुपोलेव्ह १४४ येथे आहे. चव्वेचाळीस टनांहून अधिक भार दोन हजार मीटरांच्या वर उचलून १९६९ साली विक्रम करणारे, जगातील सर्वांत प्रचंड असे मिल १२ हेलिकॉप्टरही येथेच आहे. परंतु ही विराट रूपे पाहून होणारे आश्चर्य पहिल्या तासाभरात ओसरते, आणि मग पाहणाऱ्याच्या मनात एक अधिक टिकाऊ प्रश्न उभा राहतो, तो हा की आपण ज्याच्यासमोर उभे आहोत ते विमान नेमके कोणते?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. विमानासमोर पाटी असते हे खरे, परंतु पाटी ही नंतरच्या माणसाने लिहिलेली असते; आणि आपल्याकडे ज्यांनी पेशवे दप्तराचे रुमाल सोडून पाहिले आहेत त्यांना हे सांगावयास नको, की रुमालावर कारकुनाने लिहिलेली चिठ्ठी आणि आतला कागद यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. मोडी पत्रात पुष्कळदा ‘छ’ घालून चंद्राची तिथी व महिना दिलेला असतो, पण साल नसते. मग अभ्यासकाला मजकुरातील माणसे, लष्कराचे मुक्काम, अक्षराचे वळण यांवरून ते साल सिद्ध करावे लागते. मोनिनोच्या मैदानावरील विमान हेही असेच सालावाचूनचे पत्र आहे. त्याच्या नासिकेजवळ लाल, निळा, पिवळा वा पांढरा असा मोठा दोन आकडी क्रमांक रंगविलेला असतो. परंतु तो त्याच्या पलटणीतील हजेरीचा क्रमांक होय, आणि ‘लाल २७’ किंवा ‘निळा १५’ या नावाची विमाने त्या अफाट साम्राज्यात एकाच वेळी कितीतरी ठिकाणी तैनात असत. रंग बदलला की क्रमांक बदले, पलटण बदलली की दोन्ही बदलत. कारखान्याचा खरा अनुक्रमांक धातूच्या लहान पट्टीवर, बाहेरून न दिसणाऱ्या जागी ठोकलेला असतो. तेव्हा रंगावर विसंबू नये आणि आकारावर विसंबावे, हा या विद्येचा पहिला धडा.

ही विद्या अवघड होण्याचे मूळ कारण त्या राजवटीच्या गुप्ततेत आहे. आरंभीचा क्रम सरळ होता. विमानाचे काम सांगणारे अक्षर आणि पुढे आकडा, जसे लढाऊ विमानास ‘ई’ आणि म्हणून पोलिकार्पोव्हचे ते प्रसिद्ध बुटके विमान ‘ई १६’. १९४० सालच्या डिसेंबरात हुकूम निघाला, की यापुढे विमानाला त्याच्या रचनाकाराच्या नावाची अक्षरे द्यावीत, लढाऊ विमानांना विषम आकडे आणि इतरांना सम. याकोव्लेव्हचे याक, इल्युशिनचे इल, तुपोलेव्हचे तू, आणि मिकोयान व गुरेविच या जोडीचे मिग ही नावे या हुकुमाने रूढ केली. मधले ‘इ’ हे रशियन भाषेतले ‘आणि’ असल्यामुळे मिग या शब्दात दोन माणसांची नावे आणि त्यांना जोडणारे अव्यय एवढा सगळा संसार आहे, ही गोष्ट मला नेहमीच मोठी मनोहर वाटत आली आहे. परंतु हे नाव वायुदलाचे. रचनाशाळेत त्याच विमानाला निराळे चिन्ह असे आणि कारखान्याच्या जमाखर्चात ते केवळ अमुक क्रमांकाचे ‘इझ्देलिये’, म्हणजे उत्पादन, एवढेच असे. सीमेपलीकडे पाश्चात्त्यांना यांपैकी काहीच ठाऊक नसल्याने त्यांनी आपले चौथे नाव ठेवले. लढाऊ विमान असेल तर ‘एफ’ने सुरू होणारा शब्द, बाँबफेकी असेल तर ‘बी’ने, हेलिकॉप्टर असेल तर ‘एच’ने. त्यातही पंख्याने उडणाऱ्या विमानाचे नाव एका अक्षरावयवाचे आणि जेट विमानाचे दोन अक्षरावयवांचे. म्हणून तुपोलेव्ह ९५ हे ‘बेअर’ आणि तुपोलेव्ह १६ हे ‘बॅजर’. एकाच देहाची चार नावे, आणि ज्याच्या हाती जे दप्तर त्याच्या मुखी ते नाव, अशी स्थिती चाळीसेक वर्षे होती.

आता प्रत्यक्ष मैदानात उतरू. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मिगच्या कुळात, आणि तो होणे स्वाभाविक आहे, कारण या कुळात प्रत्येक मुलगा बापाचे नाक घेऊन जन्माला आला. मिग १५, मिग १७, मिग १९ व मिग २१ या चौघांच्याही नासिकेच्या जागी हवा ओढून घेणारे वाटोळे उघडे तोंड आहे. १९४७ सालच्या ३० डिसेंबरला मिग १५ प्रथम उडाले तेव्हा त्याच्या पोटातले इंजिन ब्रिटनने विकलेल्या रोल्स रॉइसच्या ‘नीन’ या इंजिनाच्या वंशातले होते, आणि त्याचे पंख पस्तीस अंशांनी मागे झुकलेले होते. तसे झुकलेल्या पंखावरची हवा पंखाच्या टोकाकडे घसरू लागते व विमान ऐनवेळी दगा देते. म्हणून तिला अडविण्यासाठी पंखावर, शेतात बांध घालावा तशा, धातूच्या उभ्या पट्ट्या बसविल्या. या बांधांतच ओळख आहे. मिग १५ च्या प्रत्येक पंखावर असे दोन बांध असतात. मिग १७ च्या प्रत्येक पंखावर तीन असतात. शिवाय त्याचा पंख मुळाशी पंचेचाळीस अंशांनी झुकून पुढे किंचित सरळ होतो, त्यामुळे वरून पाहता त्याची कड कोयत्याच्या पात्यासारखी वाकलेली दिसते. मिग १९ चा पंख पंचावन्न अंशांनी झुकलेला, त्यावर एकच पण भला उंच बांध, आणि मागे गेल्यास एकाऐवजी शेजारी शेजारी दोन इंजिनांची मुखे. पहिल्या दोघांत शेपटीचा आडवा पंख उभ्या शेपटीच्या मध्यावर चढविलेला असतो, तर तिसऱ्यात तो खाली धडाशी आलेला असतो. एवढे ध्यानात ठेवले तर रंग, क्रमांक, पाटी यांपैकी कशाचेही साहाय्य न घेता शंभर पावलांवरून तिघांची निवड करता येते. तरीही एक सावधगिरी उरतेच. पोलंड आणि चीन या देशांनी हीच विमाने आपापल्या कारखान्यांत, आपापल्या नावांनी बांधली, आणि जगातल्या अनेक संग्रहालयांत ‘मिग’ म्हणून उभे असलेले विमान वस्तुतः पोलंडचे ‘लिम’ असते. लिमच्या शेवटच्या प्रकारांपैकी एकाच्या शेपटीच्या बुडाशी छत्रीचा गतिरोधक ठेवण्याची डबी असते. मॉस्कोच्या बाजूच्या मिग १७ मध्ये ती सापडत नाही.

मिग २१ पाशी मी सर्वाधिक वेळ थांबलो, आणि त्याचे कारण केवळ शास्त्रीय नव्हते. नाशिकजवळ, निफाड तालुक्यातील ओझर येथे, १९६४ साली हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि तेथे ही विमाने प्रथम रशियाहून आलेले भाग जोडून व पुढे सत्तरच्या सुमारास मुळापासून तयार होऊ लागली; १९८७ पर्यंत तेथून सहाशेंहून अधिक मिग २१ बाहेर पडली. द्राक्षांच्या मांडवावर काम करणाऱ्या माणसांनी मान वर न करता केवळ आवाजावरून ‘मिग गेलं’ असे म्हणावे, असा तो काळ होता. कारखान्यातले लोक मात्र मिग म्हणत नसत; ते ‘टाइप ७७’ म्हणत, ‘टाइप ९६’ म्हणत, आणि हे आकडे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून रशियन कारखान्याच्या जमाखर्चातील ते ‘इझ्देलिये’ होत. ज्या आकड्यांचा थांगपत्ता लावण्यासाठी पाश्चात्त्य हेरखाती वर्षानुवर्षे खपली, ते आकडे ओझरच्या कामगाराच्या तोंडी जेवणाच्या सुट्टीत सहज येत असत.

मिग २१ ची ओळख त्रिकोणी पंख आणि त्यामागे स्वतंत्र आडवी शेपटी या जोडीने पटते. परंतु त्याच्या पोटजाती इतक्या आहेत, की खरा अभ्यास तेथून सुरू होतो. सर्वांत जुन्या, एफ १३ या प्रकारात नासिकेचे तोंड अरुंद, त्यातील शंकू लहान, आणि वेग मोजणारी लांब नळी तोंडाच्या खालच्या ओठावर असते. पुढे त्या शंकूत मोठे रडार घालावयाचे ठरले, तेव्हा शंकू फुगला, शंकू फुगला म्हणून तोंड रुंदावले, आणि ती नळी वरच्या ओठावर गेली. आणखी काही वर्षांनी ती वरच्या ओठाच्या मध्यावरून वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकली. कॉकपिटचे काचेचे झाकण आरंभी पुढच्या बिजागरीवर, समोरच्या काचेसकट, सबंध वर उघडे. नंतर समोरची काच पक्की झाली व झाकण उजवीकडे उघडू लागले. झाकणामागचा पाठीचा कणा प्रत्येक पिढीत इंधन व उपकरणे पोटात घेऊन जाड होत गेला. आता गंमत अशी, की आपल्याकडे आलेला एफएल हा प्रकार, म्हणजेच ‘टाइप ७७’, झाकण जुन्या तऱ्हेचे आणि उभी शेपटी नव्या, रुंद तऱ्हेची, असा दोन काळांचा सांधा आहे. एखाद्या पत्रात मायना जुन्या वळणाचा आणि शिक्का नव्या कारकिर्दीचा आढळावा व त्यावरून ते पत्र नेमके कोणत्या वर्षातले हे ठरावे, तसे हे विमान आपल्या अंगावरच आपली तारीख वागविते. त्यानंतरच्या ‘टाइप ९६’ मध्ये पंखाखालचे टांगते खांब दोनांचे चार झाले आणि तोफ कायमची पोटात बसली. १९६३ साली चंदिगड येथे आलेल्या या विमानाला भारतीय वायुदलाने चंदिगड येथेच २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप दिला. बासष्ट वर्षांची ही सेवा ज्यांच्या हातांनी घडली त्यांच्यातले पुष्कळजण नाशिकचे होते, आणि या गोष्टीचा मला अभिमान वाटतो.

सुखोईच्या विमानांचे प्रकरण थोडक्यात आटोपता येईल. वायुगतिशास्त्राच्या मध्यवर्ती संस्थेने झुकता पंख आणि त्रिकोणी पंख या दोहोंची शिफारस केल्यामुळे मिकोयान व सुखोई या दोन्ही शाळांनी दोन्ही तऱ्हा बांधून पाहिल्या, आणि १९५६ सालच्या जूनमध्ये मॉस्कोजवळच्या तुशिनो मैदानावर त्या चारही पाहुण्यांच्या डोक्यावरून गेल्या. परदेशी निरीक्षकांनी चौघांना चार नावे ठेवली, पण कोण कोणाचे आणि कोणते लष्करात दाखल होणार हा उलगडा व्हावयास काळ जावा लागला. मैदानावर उभ्या विमानाबाबत मात्र फारसे अडत नाही. सुखोई ७ हे मिगपेक्षा बरेच थोराड, आणि त्याच्या नंतरच्या प्रकारांच्या पाठीवर दोन लांब समांतर नळ्या धावतात. सुखोई ९ चा पंख मिग २१ सारखाच त्रिकोणी, परंतु त्याला पाठीचा फुगीर कणा नाही.

तुशिनोचा उल्लेख आला म्हणून ओळखण्याच्या विद्येतील सर्वांत संस्मरणीय प्रसंग सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जपानविरुद्धच्या मोहिमांवरून परतणारी तीन अमेरिकन बी २९ विमाने नाइलाजाने सोव्हिएत हद्दीत व्लादिवोस्तोककडे उतरली. जपानशी त्या वेळी सोव्हिएत संघाचे युद्ध नव्हते, म्हणून ती अडकवून ठेवण्यात आली आणि परत दिली गेली नाहीत. ३ ऑगस्ट १९४७ रोजी तुशिनोच्या आकाशात तीन बी २९ एकापाठोपाठ येताना दिसली. जमलेल्या परकीय लष्करी वकिलांनी ती मोजली. तीन अडकविली होती, तीन दिसली, हिशेब जुळला. इतक्यात चौथे आले. ते बाँबफेकी नव्हते, प्रवासी विमान होते, पण त्याचा पंख तोच होता. आणि त्या चौथ्या आकृतीने एका क्षणात सांगून टाकले, की सोव्हिएत कारागिरांनी त्या विमानाचा खिळाखिळा सोडवून त्याची नक्कल केली आहे. बी २९ ही अणुबाँब नेणारी जात. अमेरिकेजवळचे जे अस्त्र इतरांजवळ नाही असे समजून जग निजत होते, त्या अस्त्राचे वाहन मॉस्कोच्या आकाशात उडत होते.

ती नक्कल म्हणजे तुपोलेव्ह ४, आणि तिचा एक नग मोनिनोत आहे. त्याच्यासमोर उभे राहिले असता मूळ आणि प्रत यांतील भेद शोधण्याचा मोह अनावर होतो. मूळ विमानाचे पत्रे इंचांच्या मापाचे, आणि रशियन गिरण्या लाटणार ते मिलिमीटरांत. इंचाच्या सोळाव्या भागाचा पत्रा त्यांच्याकडे निघेचना. मग कुठे जरा जाड, कुठे जरा पातळ असा पत्रा घेऊन सबंध वजनाचा मेळ पुन्हा घालावा लागला. हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतात त्या तोफा: अमेरिकनांच्या यंत्रबंदुकांच्या जागी येथे अधिक मोठ्या तोंडाच्या यंत्रतोफा आहेत, आणि इंजिने रशियन असल्याने त्यांची आवरणेही निराळी आहेत. नकलाकार कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या बोरूचे वळण कुठेतरी उमटतेच. या कामाला केवळ चोरी म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलखाने दोन वर्षांच्या आत परक्या मापातले हजारो सुटे भाग आपल्या मापात उतरविणे हे कारागिरीचे असामान्य कृत्य होते.

ओळख चुकली म्हणजे काय घडते याचे दाखलेही याच रांगेत आहेत. मायासिश्चेव्हचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान १९५५ च्या उन्हाळ्यात मॉस्कोवरून थव्याने नेण्यात आले. त्याच विमानांना वळसा घालून पुन्हा आणण्यात आले व पाहणाऱ्यांनी ती दुप्पट मोजली, अशी हकीकत सांगतात. हकीकत तंतोतंत असो वा नसो, त्यानंतर अमेरिकेत आपण बाँबफेकी विमानांत मागे पडलो अशी हाकाटी झाली, आणि ती खोटी ठरावयास पुढच्या वर्षीच्या उंचावरून छायाचित्रे घेणाऱ्या विमानांच्या फेऱ्या व्हाव्या लागल्या. त्याच रचनाकाराचे एम ५० हे एकमेव विमान आज मोनिनोत आहे. लांब, कृश, पांढरट. दोन इंजिने पंखाखाली आणि दोन पंखांच्या टोकांवर. ते उडण्यापूर्वीच, १९५८ च्या डिसेंबरात, एका नामांकित अमेरिकन साप्ताहिकाने सोव्हिएतांचे अणुशक्तीवर चालणारे बाँबफेकी विमान उडत असल्याचे छापले होते, आणि १९६१ साली तुशिनोवर एम ५० प्रकटले तेव्हा पुष्कळांनी त्या वार्तेशी त्याची सांगड घातली. त्याच्या पोटात साधे रॉकेल जळत होते आणि ध्वनीचा वेगही त्याला कधी गाठता आला नाही.

उघड्यावर ठेवल्याने या दप्तराला कसर लागते. अॅल्युमिनियम गंजत नाही हा समज भाबडा आहे. सांध्यांच्या आत पाणी शिरते, थिजते, फुगते आणि रिव्हेटी उचकटते. रबर चिरते, काचा पिवळ्या पडतात. आणि सर्वांत मोठी हानी ममतेने होते. सेवानिवृत्त वैमानिक व तंत्रज्ञ वसंतात रंगाची डबी घेऊन येतात व आपल्या तारुण्यातील सोबत्याला नवा अंगरखा चढवितात; पण त्या रंगाखाली कारखान्याने उमटविलेल्या बारीक सूचना, ‘उत्कृष्ट विमान’ म्हणून मिळालेल्या सन्मानाचा शिक्का, जुन्या पलटणीचा क्रमांक हे सारे गाडले जाते. तरी त्यांना दोष देववत नाही. युद्धकाळात छत्तीस हजारांहून अधिक संख्येने बांधलेल्या इल्युशिन २ या विमानाचे आज उरलेले नग बहुतेक दलदलींतून आणि तळ्यांतून उपसून काढावे लागले, हे ज्याला ठाऊक आहे, तो चुकीच्या रंगाच्या सबंध विमानापुढेही कृतज्ञतेने थांबेल. कोझेदूब या बासष्ट विमाने पाडणाऱ्या वीराचे लावोच्किन ७ येथे जपले आहे, तेही कोणीतरी वेळीच रंग लावला म्हणूनच.

रांगेच्या एका बाजूला चकचकीत धातूच्या अंगाचे एक लांबट विमान आहे. त्रिकोणी पंख, वाटोळे तोंड, टोकदार शंकू. क्षणभर मिग २१ च वाटते, मग त्याचा आकार ध्यानात येतो, आणि मागे जाऊन इंजिनाचे विशाल मुख पाहिले म्हणजे ते मिग २१ नव्हे अशी खात्री पटते. त्याच्या अंगावर ‘ये १६६’ असे लिहिलेले आहे. ७ जुलै १९६२ रोजी मोसोलोव्ह या वैमानिकाने याच विमानातून ताशी २६८१ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला, आणि आंतरराष्ट्रीय वैमानिकी संघटनेच्या दप्तरी विमानाचे नाव ये १६६ असेच नोंदले गेले. परंतु मिकोयानच्या रचनाशाळेत ये १६६ नावाचे विमान कधी नव्हते. हे ये १५२. खरे नाव परक्यांना कळू नये म्हणून विक्रमाच्या अर्जात बनावट नाव लिहिले, जसे त्यापूर्वी मिग २१ च्या एका पूर्वजाला ये ६६ म्हणून आणि पुढे मिग २५ च्या पूर्वजाला ये २६६ म्हणून दाखविले. वतनाच्या भांडणात खोट्या सनदा सादर होत, आणि त्या सनदा आज दप्तरात खऱ्या सनदांइतक्याच जपून ठेवाव्या लागतात, कारण कोणी, केव्हा, कशासाठी खोटे लिहिले ही गोष्टही खरीच असते. मोनिनोच्या लोकांनी हे नाव पुसून त्या जागी ‘ये १५२’ असे रंगविलेले नाही. मी गेलो त्या दिवशी ऊन उतरले होते; एक वृद्ध गृहस्थ नातवाला हाताशी धरून त्या विमानापाशी आले, लाल अक्षरांकडे बोट दाखवून त्यांनी मुलाला काहीतरी वाचून दाखविले, आणि मग त्याला खांद्यावर घेऊन मागच्या बाजूस, त्या इंजिनाच्या मुखापाशी, घेऊन गेले.